वस्तूंचें माहेर

वस्तुसंग्रहालय हा एक प्रकारचा ग्रंथच होय, असें मानावयास हरकत नाहीं. त्यास कर्ता असतो, विषय असतो, प्रकरणें असतात. आणि ग्रंथाप्रमाणेंच त्यांतहि कांहीं गोष्टी सांगितलेल्या व कांहीं गाळलेल्या असतात. तथापि ग्रंथाचें परीक्षण करण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, तिचा लाभ संग्रहालयांस क्वचितच होतो. नाटक पाहून आलेला गृहस्थ दुसरे दिवशीं त्यावर तासभर बोलेल; परंतु संग्रहालय पाहून आलेला मनुष्य "छान आहे, एकदां पाहण्यासारखें आहे" एवढ्यावर त्याचा निकाल लावून मोकळा होतो. त्यांतूनहि मुंबईचें किंवा पुण्याचें मोठें संग्रहालय असेल, तर त्याची कीर्ति तरी अगोदर कानांवर आलेली असते. गांवोगांवच्या लहान स्थानिक संग्रहालयांस तेवढेंहि भाग्य नाहीं. मोठ्या संग्रहालयाची ती एक धाकटी व गरीब आवृत्ति, अशीच बहुतेकांची समजूत असते. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. लहान संग्रहालयाचें काम मोठ्या संग्रहालयाहून निराळें, आणि एका बाबतींत अधिक अवघड आहे, हें एका उदाहरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

उदाहरण तेरचें घेऊं. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून. तेथेंच कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. दोनतीन सुट्ट्या जोडून आल्या, कीं तुळजापूरच्या देवीस निघालेलीं कुटुंबें वाट वांकडी करून गोरोबांच्या समाधीच्या दर्शनास येतात, आणि त्यांपैकीं कांहीं संग्रहालयांतहि डोकावतात. अशाच एका जोडसुट्टींत आम्हीहि त्या मंडळींत होतों. मुलें एका कपाटाकडून दुसऱ्या कपाटाकडे धांवत होतीं, वडील मंडळी घड्याळाकडे पाहत होती, आणि अर्ध्या घटकेंत "झालें पाहून" असें म्हणत बहुतेक जण पायऱ्या उतरत होते. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. जो ग्रंथ कसा वाचावा हें कोणी शिकविलें नाहीं, तो चाळून ठेवला जाणारच.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रंथांत पैठण व तगर हीं दक्षिणापथांतील मोठ्या व्यापाराचीं दोन शहरें म्हणून सांगितलीं आहेत. भडोचेपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणाच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणाहून अकीकासारखे दगड येत. तगराहून जाडेंभरडें कापड पुष्कळ, व त्याबरोबर तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि हा सारा माल गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलुखांतून, भडोचेच्या बंदरास पोंचविला जाई. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या भूगोलांतहि तगराचें नांव आहे. पुढें शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. इतका बोलबाला असूनहि हें तगर नेमकें कोठलें, ह्याविषयीं एकोणिसाव्या शतकांतील पंडितांचें एकमत होईना. विल्फर्ड ह्यांनीं देवगिरीकडे बोट दाखविलें, पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना तें जुन्नर वाटलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं धारूरचें नांव सुचविलें. अखेर १९०१ सालीं फ्लीट ह्यांनीं तगर म्हणजेच तेर हें दाखवून दिलें, आणि त्यापाठोपाठ हेन्री कझिन्स ह्यांनीं गांवाची पाहणी करून तेथील त्रिविक्रम मंदिरासारख्या विटांच्या प्राचीन वास्तूंकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. गांव आपल्या जागीं होतें, नदी आपल्या जागीं होती. हरवला होता तो फक्त नांवाचा आणि जागेचा सांधा. तो सांधा तुटल्याबरोबर एवढें मोठें शहर विद्वानांच्या नकाशावर शेंदीडशें कोस इकडून तिकडे भटकत राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण शहराची जी गत झाली तीच लहानशा मण्याचीहि होऊं शकते.

आतां संग्रहाकडे वळूं. त्यांत मातीचीं भांडीं आहेत, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, हस्तिदंती वस्तु आहेत, आणि मातीच्या मूर्तींचा मोठा भरणा आहे. ह्या मूर्तींपैकीं पांढऱ्या चिकणमातीच्या, म्हणजे केओलिनच्या, मूर्ति विशेष प्रसिद्ध आहेत. त्या घडविण्याची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. मूर्तीच्या पुढच्या अंगाचा एक सांचा व पाठीमागच्या अंगाचा दुसरा. दोहोंत मातीचा पातळ थर दाबून बसवावयाचा, मग दोन्ही अर्धीं अंगें जुळवून सांधावयाचीं आणि भट्टींत भाजावयाचीं. मूर्ति आंतून पोकळ राहते. त्यामुळें ती हलकी होते आणि भाजतांना तडकत नाहीं. ही दुहेरी सांच्याची पद्धति रोमन जगाशीं आलेल्या संबंधाची खूण आहे, असें अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांची नक्कल केलेलीं मातीचीं पदकेंहि येथें सांपडलीं आहेत. परदेशच्या राजाचा मुखवटा सोन्याच्या नाण्यावर पाहून इकडच्या कुंभारानें तो मातींत उतरविला, आणि ज्याच्या पदरीं सोनें नव्हतें त्यानेंहि तो हौसेनें अंगावर मिरविला, असें चित्र त्यावरून मनापुढें उभें राहतें.

परंतु चिकित्सक प्रेक्षकानें ह्याच ठिकाणीं थांबून एक प्रश्न विचारावा. तगराची कीर्ति कशावर उभी होती? कापडावर. आणि त्या दालनांत कापड कोठें आहे? दोन हजार वर्षांच्या पावसापाण्यांत, आपल्या काळ्या भुईंत, कापड टिकत नाहीं. ज्या मालानें हें शहर समुद्रापलीकडे गाजलें तो माल सबंध नाहींसा झाला, आणि ज्याला त्या काळीं बाजारांत फारशी किंमत नसेल तें मातीचें मडकें मात्र उरलें. म्हणजे संग्रहालयांत जें दिसतें तें प्राचीन जीवनाचें यथाप्रमाण चित्र नसतें; काळानें जें खाल्लें नाहीं त्याची ती यादी असते. विणकर, रंगारी, गाडीवान ह्यांच्या वांट्याला कपाट आलें नाहीं, कुंभाराच्या वांट्याला आलें, ह्याचें कारण मातीचा चिवटपणा. कोणत्याहि स्थानिक संग्रहालयानें ही गोष्ट प्रेक्षकास पहिल्याच दालनांत सांगितली पाहिजे. मोठ्या शहरांतील संग्रहालयास ती टाळतां येते, कारण तेथें एका गांवाची संपूर्ण हकीकत सांगण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नसते. लहान संग्रहालयाचा विषयच ती हकीकत असल्यामुळें, नाहीं त्याचीहि नोंद त्यानेंच ठेवावयास हवी.

ह्या ग्रंथाचे कर्ते दोन आहेत, आणि त्यांच्या लिहिण्याच्या पद्धति अगदीं भिन्न आहेत. पहिला कर्ता संग्राहक. आपल्याकडे शेताच्या जमिनीस काळी म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होऊन राख, माती, विटांचा चुरा ह्यांनीं फिकट झालेल्या गांवठाणाच्या जमिनीस पांढरी. तेरच्या पांढरीचीं टेकाडें पावसानें धुपतात, आणि पाण्याच्या ओघळींत मणी व मूर्तींचीं तुकडें उघडीं पडतात. इतरांनीं जें पायाखालीं तुडविलें, तें रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं वर्षानुवर्षें वेंचून सांभाळलें. त्यांचा संग्रह पुढें राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आला, आणि त्यांतून आजचें संग्रहालय उभें राहिलें. डग्लस बॅरेट ह्या इंग्रज कलासमीक्षकानें १९६० सालीं तेरवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें, त्याच्या मुळाशीं हाच संग्रह होता. दुसरा कर्ता उत्खनक. १९५८ सालीं चापेकर ह्यांनीं, आणि त्यानंतरच्या दशकांत डॉ. शां. भा. देव ह्यांनीं येथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें.

संग्राहक वस्तु वांचवितो; उत्खनक वस्तूची साक्ष वांचवितो. जमिनींत थरावर थर सांचलेले असतात. कोणती वस्तु कोणत्या थरांत, कोणत्या नाण्याच्या व कोणत्या भांड्याच्या शेजारीं निघाली, ह्यावरून तिचा काळ ठरतो. ओघळींतून उचललेल्या मण्यास असा शेजार नसतो. तो कितीहि सुंदर असला, तरी आपल्या काळाविषयीं तो स्वतः कांहीं सांगूं शकत नाहीं; दुसऱ्या कोणा नोंदलेल्या मण्याशीं ताडून पाहावें तेव्हांच त्यास वाचा फुटते. ह्यावरून संग्राहकाची किंमत कमी होत नाहीं. उत्खनक येईपर्यंत वाट पाहिली असती, तर तीं माणकें केव्हांच नदीस मिळालीं असतीं. परंतु प्रेम आणि शास्त्र हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, एवढें मात्र कबूल केलें पाहिजे.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ति. हा छोटासा पुतळा लामतुरे संग्रहाचें भूषण आहे. आतां पाहा, १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें, व्हीसुव्हियसच्या राखेखालीं गाडलेल्या एका घरांत, अशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती सध्यां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. व्हीसुव्हियसचा तो उत्पात इसवी सन ७९ मधला. म्हणजे पाँपेईची मूर्ति त्यापूर्वींची, ह्यांत शंकेस जागा नाहीं. राखेनेंच त्या घरास मोहोर लावून ठेवली होती. तेरच्या मूर्तीस अशी मोहोर नाहीं. तिचा काळ ठरवितांना अभ्यासकांस समुद्रापलीकडील तिच्या बहिणीची साक्ष काढावी लागते. पुढें जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथील उत्खननांत त्याच तऱ्हेच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला, आणि पाँपेईची मूर्तीहि मूळची ह्या आपल्याच प्रदेशांतली असावी, असें मत कांहीं विद्वानांनीं मांडलें. एकीनें दूरदेशीं जाऊन काळ सांगितला. दुसऱ्या दोघींनीं घरीं राहून माहेर सांगितलें. तिघींचीं नांवें एका ओळींत लिहिलीं, तेव्हां कोठें एका व्यापारी मार्गाची कथा पुरी झाली.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो टाकाऊ नाहीं. कोणी म्हणेल, एवढी अमोल मूर्ति खेड्यांत ठेवण्यांत काय शहाणपण? तिला मुंबईस न्यावी. तेथें पहारा चांगला, हवा नियंत्रित, जाणते अभ्यासक हातांशीं, आणि वर्षाकाठीं लाखों लोक ती पाहतील. तेरला सुट्टीच्या दिवशीं येणारीं चार कुटुंबें, तींहि घाईंत. वस्तु राष्ट्राची आहे, गांवाची नव्हे. मग गांवाचा हट्ट कशाला? आम्हांस ह्या युक्तिवादांतील दोन गोष्टी पूर्णपणें मान्य आहेत. पहारा आणि निगा ह्यांत तडजोड असूं नये. ज्या संग्रहालयास छप्पर सांभाळतां येत नाहीं, त्यानें अभिमानाच्या गोष्टी बोलूं नयेत. आणि अभ्यासकास वस्तु सहज पाहावयास मिळालीच पाहिजे. कुलुपांत ठेवलेली ठेव कोणाच्याच उपयोगाची नाहीं.

परंतु मुंबईस नेलेल्या मूर्तीचें काय होईल, ह्याचाहि विचार करावा. तेथें ती 'सातवाहनकालीन कलेचा उत्कृष्ट नमुना' होईल. तिच्या एका बाजूस मथुरेचा दगड असेल, दुसऱ्या बाजूस गांधाराचा. प्रेक्षक तिचें सौंदर्य पाहील, आणि तें पाहण्यासारखें आहेच. तेरला मात्र तिच्या शेजारीं ज्या पांढरीची ती, त्याच पांढरीचें मडकें असतें, त्याच पांढरीची पणती असते, त्याच पांढरीचा मणी असतो. ज्या वस्तीनें हस्तिदंताची नाजूक कारागिरी जोपासली, तिच्याच चुलीवरचें काजळलेलें भांडें बाजूस पाहिल्यानें मूर्तीचें तेज कमी होत नाहीं. तिच्याभोंवतीं माणसें उभीं राहतात. पुरावस्तु देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्यानें निर्बंध घातले, हें योग्यच झालें. परंतु देशाची सीमा न ओलांडतांहि वस्तु परदेशी होऊं शकते. जिथून आली त्या जागेचें नांव तिच्यापासून सुटलें, कीं ती कोठेंहि ठेवा, परकीच.

म्हणून स्थानिक संग्रहालयाचा खरा गुण आम्ही एकाच गोष्टींत मानतों: त्यानें वस्तूचें माहेर जपावें. आणि हें काम केवळ वस्तु गांवांत ठेवल्यानें होत नाहीं. ह्या बाबतींत आम्ही कोणा एका संस्थेस उद्देशून बोलत नाहीं. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं हिंडतांना जें दिसलें त्यावरून बोलतों. 'मृण्मय स्त्रीमूर्ति, सातवाहनकाल' एवढीच चिठ्ठी वस्तूखालीं असेल, तर तिचा गांवांत राहून काय उपयोग? कोठें सांपडली, कोणास सांपडली, कशाच्या शेजारीं सांपडली, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें चिठ्ठींत असावींत; आणि 'ओघळींत मिळाली, थर अज्ञात' हेंच उत्तर असेल, तर तेंहि निःसंकोचपणें लिहावें. शहरांतील संग्रहालयानें हे प्रश्न गाळले तर कलेचा आनंद शिल्लक राहतो. गांवच्या संग्रहालयानें गाळले तर कांहींच शिल्लक राहत नाहीं.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या दिवशीं आमच्या शेजारीं एक आजी नातवास घेऊन उभ्या होत्या. विद्वानांच्या अहवालांत ज्यास 'लघुपात्र' म्हणावयाचें, असें एक बोटभर उंचीचें भांडें पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हें तर बोळकं! संक्रांतीला आपण आणतों नां, तसलंच." पोरगा कांचेस नाक लावून पाहत राहिला. इतका वेळ तो धांवत होता. आतां मात्र हलेना. ज्या दिवशीं चिठ्ठ्या लिहिणारांस बोळकें, पणती, रांजण, वेळणी हे शब्द लिहिण्याची लाज वाटेनाशी होईल, त्या दिवशीं आपल्या संग्रहालयांतील निम्मी शांतता भंग पावेल. पारिभाषिक शब्द नकोत असें नाहीं. ते अहवालांत शोभतात. परंतु प्रेक्षकाच्या घरीं ज्या वस्तूस नांव आहे, त्या वस्तूस कपाटांत परकें नांव देणें, म्हणजे पुन्हां तिचें माहेर तोडणेंच होय.

गोरोबाकाकांची एक कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवून तें काय म्हणून विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें पारखण्याचें तें साधन, असें कळल्यावर तिनें त्यांना जमलेलीं मडकींहि पारखावयास सांगितलीं. आणि गोरोबांनीं एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत नामदेवांस कच्चें ठरविलें. त्याच गांवच्या संग्रहालयाची पारख करतांना ह्याहून चांगलें साधन शोधण्याची गरज नाहीं. थापटणें मारून ऐकावयाचें तें एवढेंच: हें संग्रहालय प्रेक्षकास आपल्या भिंतींच्या आंत अडकवून ठेवतें, कीं बाहेर पाठवितें? दालनांतून निघालेल्या कुटुंबास त्रिविक्रमाच्या मंदिराची मागची अर्धवर्तुळाकार बाजू पाहावीशी वाटली, हें मूळचें चैत्यगृह असावें असें जाणते कां म्हणतात हा प्रश्न पडला, नदीकांठच्या टेकाडाकडे नुसतें उकिरड्याचें उंचवटें म्हणून न पाहतां पांढरी म्हणून पाहावेंसें वाटलें, तर मडकें पक्कें. तेथून निघून थेट उपाहारगृहाचा रस्ता विचारला, तर भट्टींत अजून आंच हवी.

ह्या परीक्षेंत प्रेक्षकाचीहि परीक्षा आहे, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों. तेरचीं टेकाडें अजून धुपत आहेत. पावसाळ्यानंतर तेथें फिरणाऱ्या मुलाच्या हातीं एखादा मणी लागणें अशक्य नाहीं. तो खिशांत घालून पुण्यामुंबईच्या घरीं शोभेच्या कपाटांत ठेवला, तर दहा वर्षांनीं तो कोठला हें घरांतील कोणासहि सांगतां येणार नाहीं. आणि शास्त्राच्या दृष्टीनें तो त्या दिवशीं दुसऱ्यांदा पुरला गेला असें समजावें. तोच मणी जेथें सांपडला ती जागा दाखवून संग्रहालयाच्या माणसांच्या हवालीं केला, तर त्या ग्रंथांत एका ओळीची भर पडते, आणि ती ओळ लिहिणारें एक मूल असतें. सुट्टींत मुलांस इतिहास दाखवावा, असें आपण नेहमीं म्हणतों. इतिहास जागच्या जागीं ठेवावा, हेंहि त्यांस त्याच सुट्टींत शिकवितां येईल.